व्हिसा नाकारला? आधी कागद वाचा!

मित्रांनो, आपल्यापैकी निम्मे जण तरी एम.एस.ची स्वप्नं बघत असतात. आयईएलटीएस, युनिव्हर्सिटीचं रँकिंग, स्कॉलरशिप सगळं आपल्याला तोंडपाठ! पण परदेशात शिकत असताना तिथून आणखी एखाद्या देशात जायचं झालं तर पुन्हा वेगळा व्हिसा लागतो, आणि तो नाकारला जाऊ शकतो, हे आपल्याला कोणी सांगत नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत हेच घडलं.

ताई इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करते. युरोपातल्या एका कॉन्फरन्समध्ये तिचं पोस्टर निवडलं गेलं. ब्रिटन शेंगेन गटात नाही. म्हणजे ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टवर त्या २९ देशांत जायला शेंगेन व्हिसा घ्यावाच लागतो. तिने अर्ज केला. दोन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला, आत व्हिसा नाही, फक्त एक छापील कागद. ताई फोनवर रडायलाच लागली. "मी काय पळून जाणार होते का गं?" एवढंच म्हणत होती.

मग घरात सल्ले सुरू झाले. काका म्हणाले, "रिजेक्ट झालं हे सांगायचंच कशाला? दुसऱ्या देशातर्फे अर्ज कर." मामा म्हणाले, "चार दिवसांसाठी खात्यात पैसे टाकू." प्रेमापोटीच म्हणाले, पण दोन्ही सल्ले चुकीचे.

का ते बघू. शेंगेन देशांची व्हिसाची माहिती एकाच कॉम्प्युटर सिस्टिममध्ये असते. नकाराची नोंद त्यात ५ वर्षांपर्यंत राहते आणि बाकीच्या देशांच्या वकिलातींनाही दिसते. शिवाय अर्ज जिथे मुख्य मुक्काम आहे त्याच देशाकडे करायचा असतो. ब्रिटनच्या अर्जात तर कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला होता का, असा सरळ प्रश्न असतो. तिथे फसवणूक केल्याचं ठरलं तर पुढचे अर्ज १० वर्षांपर्यंत नाकारले जाऊ शकतात. म्हणजे एका कॉन्फरन्सपायी सगळं करिअर पणाला!

आता तो कागद. युरोपच्या व्हिसा कोडनुसार नकाराचं कारण ठरलेल्या फॉर्मवर द्यावंच लागतं. त्यात चौकोन असतात आणि लागू असेल तिथे खूण केलेली असते: प्रवासाचा उद्देश पटला नाही, खर्चाची सोय दिसली नाही, विमा नाही, परत जाण्याबद्दल शंका आहे, वगैरे. आपला प्रोग्रॅम चालला नाही की आपण रडत बसत नाही, एरर कुठल्या लाइनवर आहे ते बघतो. हेही तसंच.

ताईच्या कागदावर दोन खुणा होत्या, उद्देश आणि परत जाण्याची शंका. मग आम्ही तिची फाइल पुन्हा तपासली. निमंत्रणपत्रात पोस्टरचं नावच नव्हतं. हॉटेलचं बुकिंग कॉन्फरन्सपेक्षा चार दिवस जास्तीचं, आणि त्या चार दिवसांत काय करणार याबद्दल एक ओळ नाही. अर्जाच्या आठवडाभर आधी बाबांनी पाठवलेली मोठी रक्कम खात्यात, तिचाही खुलासा नाही. आपल्याला सगळं माहीत असतं, पण तपासणाऱ्या माणसासमोर फक्त कागदच असतात ना!

अपील करता येतं. ते नकार देणाऱ्या देशाच्या कायद्याप्रमाणे चालतं आणि मुदत त्या कागदावरच दिलेली असते. जर्मनीने मात्र वकिलातीकडे फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. तिथे आता नवा अर्ज किंवा कोर्ट. निर्णयच चुकीचा वाटला तर अपील, कागद कमी पडले असतील तर नवा अर्ज बरा. आधी नकार मिळाला म्हणून नवा अर्ज आपोआप नाकारायचा नाही, असं नियमातच आहे. फी मात्र परत मिळत नाही. जून २०२४ पासून ती ९० युरो आहे.

ताईची ती कॉन्फरन्स हुकलीच. तिच्या बॅचमेटने पोस्टर लावलं. काही महिन्यांनी दुसरीकडून बोलावणं आलं. या वेळी तिने पोस्टरच्या नावासह निमंत्रण, कोर्स कधी संपतो आणि परीक्षा कधी आहे हे सांगणारं डिपार्टमेंटचं पत्र, बाबांचं हमीपत्र आणि त्यांच्या पगाराच्या स्लिपा, कॉन्फरन्सपुरतंच बुकिंग आणि ३०,००० युरोचा विमा असं सगळं लावलं. वर एक पानी पत्र: मागचा अर्ज नाकारला होता, कारणं ही, आणि त्यांची उत्तरं ही. व्हिसा मिळाला.

तेव्हा मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कोणाच्या हातात असा कागद आलाच तर खचू नका आणि लपवूही नका. नकार त्या फाइलला असतो, तुम्हाला नाही. आणि फाइल दुरुस्त करता येते!