मोबाईल दुरुस्ती : आयसी बदलण्याआधी अॅम्पिअर वाचा

मुळशी म्हटले की जुन्या मंडळींना धरण आणि १९२१ चा सत्याग्रह आठवतो, तर नव्या पिढीला हिंजवडी. याच तालुक्यातील हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये मोटारगाड्यांच्या आत बसणाऱ्या छोट्या संगणकांसाठी प्रोग्राम लिहिले जातात. केपीआयटी ही त्या कामातील नावाजलेली कंपनी. तेथील अभियंता आणि पौड-पिरंगुटच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणारा कारागीर यांची गाठ सहसा पडत नाही. वस्तुतः दोघांच्या हाताखालचा माल एकाच जातीचा आहे. त्याला एम्बेडेड सिस्टिम म्हणतात.

म्हणजे काय? एकाच ठरावीक कामासाठी यंत्राच्या पोटात बसविलेला संगणक. इंटेल कंपनीने १९८० साली आणलेल्या ८०५१ या चिपमध्ये प्रोग्रामसाठी अवघी ४ किलोबाईट आणि चालू कामासाठी १२८ बाईट एवढीच जागा होती. तरी तिच्यावर कितीतरी यंत्रे चालली. आपल्या दुकानातील इलेक्ट्रॉनिक तराजूच घ्या. वजनाने आतला लोडसेल किंचित वाकतो, त्याच्या तारेचा विद्युतरोध बदलतो, त्या बदलाचा आकडा होतो आणि चिप तो पडद्यावर दाखविते. मोबाईल हा याच घराण्यातला थोरला. त्यात अॅप चालविणारा प्रोसेसर, नेटवर्क सांभाळणारा मोडेम आणि वीज वाटणारी पॉवर आयसी अशी कामाची वाटणी असते.

ही वाटणी ज्याला कळली त्याचे दुरुस्तीचे गणित बदलते. फोन बंद पडला की दोष तीनच ठिकाणी असू शकतो : विजेत, जोडणीत किंवा प्रोग्राममध्ये. पुष्कळ दुकानांत मात्र प्रथम हॉट एअर गन हाती घेतली जाते. अंदाजाने एक आयसी बदलली, मग दुसरी, आणि शेवटी गिऱ्हाइकाला सांगायचे की बोर्ड गेला. बोर्ड पुष्कळदा त्या गनच्या उष्णतेनेच गेलेला असतो.

त्याऐवजी बॅटरी काढून डीसी पॉवर सप्लायवर सुमारे ४ व्होल्ट द्यावेत आणि अॅम्पिअरचा आकडा पाहावा. बटण दाबण्याआधी तो शून्याच्या आसपास हवा. आधीच प्रवाह वाहत असेल तर बॅटरीच्या मुख्य लाइनवर गळती किंवा शॉर्ट आहे. बटण दाबूनही आकडा हलला नाही तर बटण, त्याची लाइन आणि पॉवर आयसी तपासावी. आकडा थोडा चढून एकाच जागी अडकला, तर वीज पोचली आहे पण प्रोसेसरला मेमरीतून प्रोग्राम वाचता येत नाही, असा संशय घ्यावा. अशा वेळी सॉफ्टवेअर टाकून पाहावे. पण गिऱ्हाइकाचे फोटो, नंबर पुसले जातील हे त्याला आधी सांगावे. निरोगी फोनचा आकडा सुरू होताना वरखाली नाचत राहतो. चांगल्या फोनांचे आकडे वहीत टिपून ठेवणारा कारागीर महिन्याभरात या विद्येत तयार होतो.

शॉर्ट शोधायला आपली जुनी राळही कामी येते. बोर्डावर राळेच्या धुराचा पातळ पांढरा थर बसवून त्या लाइनवर अगदी कमी व्होल्ट द्यावे. तापलेल्या भागावरची राळ वितळते आणि गुन्हेगार दिसतो. बहुधा तो एखादा इवलासा कपॅसिटर असतो.

मुळशीचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. भिजलेले फोन येणारच. ते तांदळात पुरून ठेवण्यात वेळ जातो, कारण आतील क्षार तेथेच राहतात. ओलावा आणि वीज एकत्र आली की तांबे हिरवे पडू लागते. म्हणून चार्जिंगला न लावता प्रथम बॅटरी सोडवावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुऊन पूर्ण वाळवावा.

एक काम मात्र कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नये : आयएमईआय क्रमांक बदलणे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. जुना फोन विकत घेताना *#०६# दाबून येणारा १५ आकडी क्रमांक बिलावर उतरवावा आणि संचार साथीवर तपासावा.

शागीर्दाला पुढे शिकवायचे असेल तर दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. मुलगा अभियंता झाला, तर १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिमचा पदविका अभ्यासक्रम आहे. घरबसल्या हात बसवायचा तर आर्डुइनोचा बोर्ड, एक एलईडी आणि मल्टीमीटर एवढ्यावर सुरुवात होते.