साठ पानांचा हिशेब



मधल्या सुटींत शाळेच्या ओट्यावर रंगीबेरंगी पानांचा जो बाजार भरतो, त्याची वार्ता पालकांच्या कानीं गेलीच आहे. पिकाचू, चारिझार्ड, मीवटू हीं नांवें ज्यांना पाढ्यांपेक्षां लवकर पाठ होतात, अशीं मुलें बार्शींत आतां थोडीं नाहींत. कांहीं पालक विचारतात कीं, हे पत्ते म्हणजे जुगाराची पहिली पायरी तर नव्हे? कांहींना वाटतें कीं, हा केवळ चित्रें जमविण्याचा छंद आहे. दोन्ही समजुतींत थोडें थोडें तथ्य आहे. परंतु खेळाचा गाभा त्यांतून निसटतो. साठ पानांचा जोड, म्हणजे मुलांच्या भाषेंत ‘डेक’, स्वतः निवडून बांधणें आणि खेळून खेळून तो सुधारीत जाणें, हा तो गाभा. हें काम अंकगणिताचें आहे, व तें कसें करावें हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा विचार आहे.

आपल्या जुन्या पत्त्यांत ही निवड नसतेच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा घ्या: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतचीं पानें, मिळून १२० वाटोळीं पानें. घरोघरच्या बावन्न पत्त्यांचेंही तसेंच. जोड सर्वांचा एक. पिसून वाटला कीं हातीं येईल तें आपलें, आणि जें काय कौशल्य दाखवावयाचें तें वाटणीनंतर. १९९३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड गारफील्ड यांचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हां ही रीत उलटली. प्रत्येक खेळाडूनें आपला जोड घरूनच बांधून आणावयाचा! गारफील्ड हे गणिताचे अध्यापक. वस्तूंच्या निवडी व मांडण्या किती प्रकारांनीं होतात हें मोजणारी जी गणिताची शाखा, तींत त्यांनीं डॉक्टरेट मिळविली होती. (गणिताचा कंटाळा करणाऱ्यांनीं हें वाक्य पुन्हा एकदां वाचावें.) पुढें १९९६ सालीं जपानांत पोकेमॉनचीं पानें निघालीं. आपल्या मुलांच्या दप्तरांत तोच खेळ असल्यामुळें उदाहरणें त्याचींच घेतों.

ज्या पालकांनीं हा खेळ पाहिला नाहीं, त्यांच्याकरितां नियम थोडक्यांत. जोडांत बरोबर ६० पानें. एका नांवाचीं ४ हून अधिक चालत नाहींत, मूळ ऊर्जापानांस मात्र ही मर्यादा नाहीं. पानें तीन जातींचीं: लढणारे पोकेमॉन, त्यांच्या आघातास लागणारी ऊर्जा, आणि साह्यकारी पानें, ज्यांच्या योगानें जोडांतून आणखी पानें ओढतां किंवा शोधतां येतात, मुलें त्यांना ‘ट्रेनर’ म्हणतात. आरंभीं ७ पानें हातांत घ्यावयाचीं. त्यांत निदान एक मूळ पोकेमॉन हवा. नसल्यास हात प्रतिपक्षास दाखवून, पुन्हा पिसून, नवीं सात घ्यावयाचीं, आणि त्याबद्दल प्रतिपक्षास एक पान अधिक ओढण्याची मुभा. नंतर जोडाच्या वरचीं ६ पानें पालथीं बाजूस ठेवावयाचीं, हीं बक्षिसाचीं. शत्रूचा पोकेमॉन पाडला कीं त्यांतील एक उचलावयाचें (पडलेला बलाढ्य असेल तर दोन किंवा तीन), आणि सहाही उचलणारा जिंकला. दर पाळीस एक पान ओढावयाचें व हातांतील एकच ऊर्जा लावावयाची. एवढें लक्षांत राहिलें तरी पुढचें समजेल.

आतां पहिला प्रश्न. एखादें आवडतें पान जोडांत एकच घातलें, तर पहिल्या सात पानांत तें येण्याचा संभव किती? साठांत सात, म्हणजे शेंकडा सुमारे १२. दोन प्रती घातल्या तर शेंकडा २२; तीन घातल्या तर साडेएकतीस; चार घातल्या तर ४०.

हें उत्तर काढावें कसें? येण्याचा संभव मोजण्यापेक्षां न येण्याचा मोजणें सोपें. साठ जागांपैकीं सात हाताच्या, त्रेपन्न बाहेरच्या. चारांपैकीं पहिली प्रत बाहेर राहण्याचा संभव ५३/६०. दुसरीस उरल्या ५९ जागांपैकीं ५२, तिसरीस ५८ पैकीं ५१, चौथीस ५७ पैकीं ५०. या चार अपूर्णांकांचा गुणाकार ०.६००५ येतो. म्हणजे शंभरांत साठ वेळां एकही प्रत हातीं नाहीं, व चाळीस वेळां निदान एक आहे. आठवीच्या विद्यार्थ्यास हा गुणाकार कागदावर सहज करतां येतो. आणि ज्यानें तो एकदां स्वतः केला, त्यास पुन्हा कोणीं सांगावें लागत नाहीं कीं, एकेक प्रतीचीं साठ निरनिराळीं पानें म्हणजे जोड नव्हे, तें प्रदर्शन होय.

हीच रीत मूळ पोकेमॉनांस लावून पाहा. जोडांत ते आठच असतील, तर शेंकडा सुमारे ३५ वेळां पहिला हात फुकट जातो आणि प्रतिपक्षास आयतें एक पान मिळतें. दहा असतील तर २६ वेळां, बारा असतील तर १९ वेळां. बक्षिसाच्या पानांचा हिशेब तर याहून मनोरंजक आहे. तीं सहा पानें पालथीं पडलेलीं. त्यांत आपलेंच मोलाचें पान अडकलें तर तें हातीं येईल केव्हां, हें सांगतां येत नाहीं. एकुलतें एक पान तेथें अडकण्याचा संभव साठांत सहा, म्हणजे सुमारें दहा डावांत एकदां. त्याच पानाच्या दोन प्रती असतील, तर दोन्ही एकदम अडकण्याचा संभव ६/६० गुणिलें ५/५९, म्हणजे ३०/३५४०: एकशेंअठरा डावांत एकदां! एक जागा खर्च केली आणि दहांतील संकट एकशेंअठरांत गेलें. ज्या पानावांचून डाव जिंकतांच येत नाहीं, त्याची दुसरी प्रत न घालणारा खेळाडू मला कुलुपाची एकच किल्ली करून ती खिशांत टाकून हिंडणाऱ्या गृहस्थासारखा वाटतो.

येथें कोणी म्हणेल, चारची मर्यादा आहे, मग चाळीसाच्या पुढें जावें कसें? त्याचा उपाय शोधक पानांत आहे. ‘अल्ट्रा बॉल’ हें पान खेळलें कीं जोडांतून हवा तो पोकेमॉन काढून हातीं घेतां येतो. चार चारमँडर व चार अल्ट्रा बॉल असल्यास एकाच कामाचीं आठ पानें झालीं, आणि आठांपैकीं निदान एक पहिल्या हातांत येण्याचा संभव शेंकडा ६५ वर जातो. मात्र अल्ट्रा बॉल फुकट चालत नाहीं. हातांतील दुसरीं दोन पानें त्याकरितां टाकावीं लागतात. कोणतीं टाकावयाचीं, हा निर्णय प्रत्येक वेळीं नवा असतो, आणि तो पाहिला कीं खेळणाराची समज कळते.

प्रमाण साधण्याची ही विद्या मुलांच्या मातांना शिकवावी लागत नाहीं. मिसळणाच्या डब्यांत सात वाट्या असतात, पण सातही सारख्या भरून कोणी स्वयंपाक करीत नाहीं. तिखट आणि हिंग एका मापानें घालणाऱ्या सुनेस सासू काय म्हणेल तें सांगावयास नको. आपल्या गांवच्या जुन्या रेल्वेंतही हाच विचार होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरानें १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वे चालू केली, तेव्हां त्याचा एक दंडक असा होता कीं, इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आंसावर ५ टनांहून अधिक भार येतां कामा नये. भार सर्व आंसांवर सारखा वांटला म्हणूनच त्या हलक्या, अरुंद रुळांवरून भरगच्च माल जाऊं शकला. ती गाडी आतां इतिहासजमा झाली आणि रुंद रूळ आले. परंतु जोड बांधणारानें तो दंडक ध्यानांत ठेवावा. शेवटच्या पायरीचीं बलाढ्य पानें हातावर भार टाकतात. तीं दोन-तीन असलीं तर जोर वाढतो. दहा असलीं तर पहिल्या चार पाळ्यांत खेळण्याजोगें कांहींच उरत नाहीं.

आतां प्रत्यक्ष एक जोड तपासूं. मुलांच्या दप्तरांत नेहमीं आढळणारा नमुना असा: पोकेमॉन २६, ऊर्जा २६, साह्यकारी पानें ८. सव्वीस पोकेमॉनांपैकीं मूळ आठच. बाकीचे वाढलेल्या पायरीचे, कारण त्यांचीं चित्रें अधिक भव्य. चारिझार्ड तीन, पण ज्यापासून तो वाढावयाचा तो चारमँडर एकच. तिसऱ्या पाळीपर्यंत खेळाडूनें सारीं दहा पानें पाहिलेलीं असतात. त्यांत तो एकुलता चारमँडर असण्याचा संभव सहांत एक. म्हणजे सहांपैकीं पांच डावांत तिन्ही चारिझार्ड तोंवर केवळ शोभेचे! ऊर्जेचा घोटाळा याच्या उलट. सव्वीस असल्या म्हणजे दहा पानांत सरासरी चारांहून अधिक येतात, परंतु तीन पाळ्यांत हातांतून लावतां येतात तीनच. उरलेली ऊर्जा हातांत बसून नव्या पानाची जागा अडवते.

दुरुस्ती अशी करतां येते. चारमँडर चार करा. तिसऱ्या पाळीपर्यंत निदान एक दिसण्याचा संभव शेंकडा सतरावरून त्रेपन्नावर जातो. मधल्या पायरीचे चारमेलियन दोन पुरतात, कारण ‘रेअर कँडी’ या पानानें ती पायरी ओलांडतां येते. चारिझार्ड तीन ठेवा. साह्यास दुसरे मूळ पोकेमॉन आठ घ्या, म्हणजे मूळ बारा झाले. पोकेमॉन एकूण १७. ऊर्जा ११. उरल्या ३२ जागा पानें ओढणाऱ्या, शोधणाऱ्या व शत्रूस अडविणाऱ्या साह्यकारी पानांस. मुलांस हें प्रथम पटत नाहीं. लढणारे कमी आणि साह्यकारी दुप्पट, ही कसली फौज, असें तीं म्हणतात. पण ‘प्रोफेसर्स रिसर्च’ हें एक पान हातांतील सर्व पानें टाकून नवीं सात देतें. सात पाळ्यांचें ओढणें एका क्षणांत होतें. खऱ्या फौजेंतही लढणाऱ्यांपेक्षां दाणागोटा पोंचविणारेच पुष्कळदां अधिक असतात.

एवढें झालें म्हणजे जोड बांधून झाला. सुरांत आला असें नव्हे. त्याकरितां एक वही करावी. प्रथम कोणाशींही न खेळतां जोड नीट पिसून सात पानें घ्यावीं, त्या हातावर पहिल्या दोन पाळ्यांत काय करतां आलें असतें तें एका ओळींत लिहावें, आणि पुन्हा पिसावें. असे वीस हात अर्ध्या तासांत होतात. मग सोबत्यांशीं खेळावें; परंतु जिंकलों कीं हरलों एवढेंच लिहूं नये, कोणतें पान सबंध डावभर हातांत पडून राहिलें तेंही लिहावें. कारण नुसते विजय फसवे असतात. दोन खेळाडू अगदीं तुल्यबळ असले, तरी दहांत सात किंवा अधिक डाव त्यांपैकीं एका ठराविक खेळाडूनें जिंकण्याचा संभव १०२४ त १७६, म्हणजे शेंकडा सतरा असतो. केवळ नाणें उडवूनही तेवढें यश येतें. ‘सर, मीं कालचे दहांत सात जिंकले, आतां जोड पक्का झाला,’ असें म्हणणारानें हा आंकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. बदल करावयाचा तो एका वेळीं एकदोन पानांचाच. पांच पानें एकदम बदललीं आणि डाव सुधारला, तर सुधारला कशानें हें ब्रह्मदेवासही सांगतां यावयाचें नाहीं. आणि जोड ठाम साठांचा असल्यामुळें नवें पान आंत घेतांना कोणतें बाहेर जाणार, हें आधीं ठरवावें. बहुधा जावयास हवें तें पान सर्वांत लाडकें असतें, आणि येथेंच पुष्कळ चांगले खेळाडू अडतात.

पैशाविषयीं पालकांची शंका रास्त आहे. बंद पाकिटांत काय निघेल तें विकणाऱ्यासही ठाऊक नसतें, आणि ‘आणखी एकच पाकीट’ ही ओढ जुगाराच्या जवळची आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण जोड बांधण्याकरितां पाकिटें फोडण्याची गरजच नाहीं. हवें तें सुटें पान मिळत असेल तर तें घेणें बहुधा स्वस्त पडतें. दुकानांत व जत्रेंत मिळणारे सोनेरी चकचकीत गठ्ठे बहुधा नकली असतात. घरीं खेळावयास त्यांनीं अडत नाहीं, अधिकृत सामन्यांत मात्र तीं पानें चालत नाहींत. खरीं पानेंही ठराविक काळानें अशा सामन्यांतून बाद होतात. पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यांतील लहानसें अक्षर पाहून तें कळतें, म्हणून मोठ्या किंमतीचें जुनें पान घेण्यापूर्वीं तें अक्षर पाहावें.

याहून उत्तम म्हणजे आधीं कांहींच विकत घेऊं नये. जुन्या वहीचे कोरे कागद पानाच्या मापानें कापावे, त्यांवर पानाचें नांव व काम पेन्सिलीनें लिहावें, आणि आपल्याजवळच्या साध्या पानांवर ते ठेवून दोन्ही पारदर्शक पिशवींत घालावे. घरच्या खेळास एवढें पुरतें. पंधरा दिवस अशा चिठ्ठ्यांनीं खेळावें, वहींत नोंद ठेवावी, नको त्या चिठ्ठ्या खोडाव्या. पंधरा दिवसांनीं ज्या चिठ्ठ्या जोडांत टिकल्या असतील, तेवढ्याच नांवांची यादी करून ती प्रथम आईवडिलांना दाखवावी आणि मग दुकानांत जावें.