नवजात बालकाची त्वचा

बालक जन्मास येते तेव्हा त्याच्या अंगावर पांढुरका, लोण्यासारखा थर असतो. तो मळ समजून घासून काढण्याची रीत अनेक घरांत आहे. वस्तुतः गर्भजलात राहणाऱ्या त्वचेचे तो रक्षण करतो आणि जन्मानंतरही तिला कोरडी पडू देत नाही. म्हणूनच पहिले स्नान किमान 24 तासांनी घालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पहिल्या काही दिवसांत त्वचेवर जे फेरफार दिसतात, ते बहुधा निरुपद्रवी असतात. नाकावर व गालांवर बारीक पांढरे दाणे दिसतात. ते पिळू नयेत, काही आठवड्यांत आपोआप नाहीसे होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर तांबडे चट्टे उठतात व त्यांच्या मध्यभागी पिवळसर पुटकुळी असते. बालक नीट दूध पीत असेल, तर हे चट्टे साधारणपणे आठवडाभरात मावळतात. कमरेखालील निळसर डाग हा माराचा वण नव्हे. बालपणीच तो बहुधा फिका होत जातो. घामाच्या नलिका बंद झाल्याने घामोळे येते. सैल सुती कपडे व मोकळी हवा हाच त्यावरील उपाय होय.

अशा वेळी काहीतरी लावलेच पाहिजे, ही समजूत मात्र घातक ठरू शकते. वजनाच्या मानाने बालकाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या सुमारे तिप्पट असते. त्यामुळे लावलेले द्रव्य रक्तात अधिक प्रमाणात भिनते. 1972 साली फ्रान्समध्ये बालकांच्या एका पावडरीत हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून फार मोठ्या प्रमाणात मिसळले गेले आणि 36 बालके दगावली. बोरिक पावडरही याच कारणाने वर्ज्य मानावी.

परंतु सर्वच लक्षणांची उपेक्षा करून चालणार नाही. पुवाने भरलेले फोड, नाळेभोवती लाली किंवा दुर्गंधी, तळहात व तळपायांवर फोड, जन्मानंतर 24 तासांच्या आत दिसणारी अथवा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेली कावीळ ही धोक्याची चिन्हे होत. त्वचेवर काहीही असो, बालकाला ताप आला, त्याचे अंग थंड पडले किंवा ते दूध ओढीनासे झाले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. साधी पुटकुळी कोणती व पुवाची कोणती, याविषयी शंका आल्यास निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. मातेने त्वचेइतकेच बालकाच्या दूध पिण्याकडे लक्ष ठेवावे. पुष्कळदा तेच प्रथम सूचना देते.