लहान व्यापारी आणि जाणकाराचा सल्ला

दर वर्षी दिवाळीस आपण नवी वही पुजतो. जुनी वही मिटताना मात्र एक प्रश्न बहुधा विचारावयाचा राहून जातो: गेल्या वर्षी दुकानाने आपणांस खरोखर काय दिले? भोपाळच्या चौकात, जुमेरातीत किंवा न्यू मार्केटात दुकान चालविणाऱ्या आपल्या अनेक बंधूंना विक्रीचा आकडा तोंडपाठ असतो. नफ्याविषयी विचारले, तर "घर चालते आहे" एवढेच उत्तर मिळते. घर चालणे व धंदा चालणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. हा भेद दाखवून देण्यास बाहेरचा जाणकार का लागतो, ह्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

एक उदाहरण घेऊ. समजा, कापडाचे एक दुकान आहे. जागा स्वतःची, भांडवल घरचे, आणि गल्ल्यावर बाप व मुलगा. वर्षाची विक्री ६० लाख रुपये. शेकडा १५ प्रमाणे ९ लाखांची मिळकत; त्यातून नोकर, वीज, वाहतूक इत्यादी खर्चाचे ६ लाख वजा जाता ३ लाख उरले. मालक समाधानी आहे. आता एखादा हिशेबतज्ज्ञ ती वही उघडतो. त्यास दिसते की, १५ लाख रुपये उधारीत सतत अडकून आहेत आणि ५ लाखांचा माल दोन वर्षे फडताळातून हललेला नाही. हे २० लाख शेकडा ८ व्याजाने ठेवले असते, तर १ लाख ६० हजार आले असते. दुकानाची जागा दरमहा १० हजारांनी भाड्याने दिली असती, तर १ लाख २० हजार मिळाले असते. ही दोन्ही कलमे वजा केली, म्हणजे बाप व मुलगा ह्या दोघांच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल उरते २० हजार रुपये! वहीत एकही आकडा खोटा नव्हता. परंतु घरचे भांडवल, घरची जागा व घरची माणसे ह्यांची किंमत घरचा माणूस धरीत नाही. ती परकाच धरू शकतो.

पूर्वी हे काम काही अंशी जुने मुनीमजी करीत. "शेठजी, ह्या गिऱ्हाइकास आता माल देऊ नये," असे स्पष्ट सांगण्याचा त्यांना अधिकार होता. आज बहुतेक लहान दुकानांत मुनीम राहिला नाही. त्याच्या जागी संगणक आला. संगणक बेरीज अचूक करतो, पण मालकास अडवीत नाही.

शिवाय कायद्याची गुंतागुंत वाढली आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. सूक्ष्म व लघु उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्याने लहान उत्पादकाची रक्कम लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, व करार नसल्यास १५ दिवसांत चुकविण्याचे बंधन आहे. पुढे २०२३ च्या वित्त अधिनियमाने असा नियम केला की, ही मुदत टळली तर ती रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून आयकरात वजा मिळेल. आपल्या बाजारात तीन-तीन महिन्यांच्या उधारीचा रिवाज जुना आहे. ज्यास हा नियम ठाऊक नाही, त्यास न मिळालेल्या नफ्यावरही कर भरण्याची पाळी येऊ शकते. मार्च महिन्याच्या आधी विचारलेला सल्ला येथे उपयोगी पडतो. नोटीस आल्यावर विचारलेला केवळ दिलासा देतो.

सल्ला घेणे हा कमीपणा आहे, असे काहींस वाटते. आपल्याच समाजातील सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांचे चरित्र पाहावे. घरचा व्यवसाय कापसाचा व पेढीचा. परंतु रेल्वेच्या ठेकेदारीत शिरताना त्यांनी त्या कामाचे माहीतगार लक्ष्मणराव फाटक ह्यांना भागीदार केले. पुढे १९४० साली बंगळूर येथे विमानांचा कारखाना उभारताना त्यांनी विल्यम पॉले ह्या अमेरिकन जाणकाराचे साहाय्य घेतले. आपल्या भोपाळचेच पाहा. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यासाठी भारत सरकारने इंग्लंडमधील असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज ह्या कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेतले होते. जे काम आपणांस येत नाही, ते जाणणाऱ्यास विचारण्यात ना वालचंदांस संकोच वाटला, ना सरकारास.

मात्र सल्लागार पारखून घ्यावा. जो कर्ज मिळवून देण्याचे किंवा एखादी वस्तू विकण्याचे कमिशन घेतो, त्याचा सल्ला त्या मानाने तोलावा. काम व मोबदला आरंभीच लेखी ठरवावा. "धंदा कसा वाढेल?" असा मोघम प्रश्न न करता "माझी उधारी तीन महिन्यांवरून दीड महिन्यावर कशी येईल?" असे नेमके विचारावे. आणि काही लपवू नये. गुरूपुढे आपले दोष जसेच्या तसे सांगण्यास आपण आलोचना म्हणतो. अर्धी वही दाखवून पुरा सल्ला मागणाऱ्याने तिचे स्मरण ठेवावे. अखेरचा निर्णय मात्र स्वतःच करावा, कारण तोटा झाला तर तो सल्लागाराच्या नव्हे, आपल्याच घरात येतो.

मोबदला परवडत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु जिल्हा व्यापार व उद्योग केंद्रात शासकीय योजनांची माहिती मिळते, आणि लघुउद्योगांसाठी केंद्र शासनाचे कार्यालय इंदूर येथे आहे. ह्याखेरीज आमची एक सूचना आहे. एका गल्लीतील दहा दुकानदारांनी मिळून एक हिशेबतज्ज्ञ नेमावा आणि त्याने दर तिमाहीस प्रत्येकाची वही स्वतंत्रपणे व गुप्तता राखून तपासावी. दहांत वाटलेला खर्च कोणास जड जाणार नाही. आपल्या संघाने ह्या कामी पुढाकार घेतला, तर पुढील दिवाळीस नवी वही पुजताना जुनीचा खरा अर्थ आपणांस कळलेला असेल, आणि दुकान हाती घेणाऱ्या मुलास त्याचे खरे मोल सांगता येईल.