स्थिर भांडवल आणि खेळते भांडवल

वर्गात हा विषय शिकविताना मी नेहमी शिवणयंत्राचे उदाहरण देतो. खडेबाजारातील एखाद्या दुकानात विक्रीला मांडलेले यंत्र दुकानदाराचे खेळते भांडवल होय; तेच शिंप्याने नेले की त्याचे स्थिर भांडवल होते. वस्तू एकच, हेतू निराळा. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली हा भेद मांडला. मालकापाशी राहून नफा देते ते स्थिर, हात बदलून देते ते खेळते. निपाणीच्या वखारीची इमारत स्थिर, आतला तंबाखू खेळता.

कायदाही हेतू पाहतो. आयकर कायद्यात विक्रीचा माल भांडवली मत्ता नव्हे. त्यावरील नफा हे धंद्याचे उत्पन्न. इंग्लंडमधील १८९४ च्या व्हर्नर खटल्यात असे ठरले की, स्थिर भांडवल घटले तरी चालू नफ्यातून लाभांश वाटता येतो. खेळते मात्र आधी भरून काढले पाहिजे. आपला २०१३ चा कंपनी कायदा अधिक कडक आहे. घसारा वजा केल्यावरच उरलेल्या नफ्यातून लाभांश देता येतो.

लहान दुकानदाराला लाभांश वाटायचा नसतो, पण धोका तोच. दिवाळीच्या मालाचे पैसे त्याने फर्निचरात घातले, तर ताळेबंदात मत्ता दिसेल, परंतु घाऊक व्यापाऱ्याचे देणे त्या कपाटांनी फिटणार नाही.