पिकअप गाडीसाठी क्लच व फ्लायव्हीलची निवड

आष्टी तालुक्यातील बागांमधून संत्री तोडली की ती लवकर बाजारात पोहोचणे अगत्याचे असते. वाटेत क्लच निकामी झाल्यास गाडीबरोबर मालाचेही नुकसान होते. चढावर इंजिनचा आवाज वाढतो, परंतु वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत आहे असे समजावे.

इंजिन अथवा गिअर बॉक्स बदललेल्या पिकअपसाठी केवळ गाडीचे नाव सांगून सुटे भाग आणू नयेत. क्लच प्लेटच्या मधल्या खाचा गिअर बॉक्सच्या दांड्याशी, तर फ्लायव्हीलची भोके क्रँकशाफ्टशी व कडेचे दाते स्टार्टरशी जुळावे लागतात. यासाठी जुने भाग सोबत नेऊन खाचा व दाते मोजावेत आणि व्यास पडताळावा.

इंजिनचा जोर वाढला असल्यास अधिक दाबाची प्रेशर प्लेट घ्यावी. मात्र दाब अवास्तव वाढविल्यास पेडल जड होते. हलके फ्लायव्हील ओझ्याच्या गाडीस घेऊ नये. भरलेली गाडी उचलताना जड फ्लायव्हीलमध्ये साठलेली शक्तीच उपयोगी पडते. हलके असल्यास इंजिन बंद पडते व चालक क्लच अधिक घासतो.

जुन्या फ्लायव्हीलवर तडे दिसल्यास ते टाकून द्यावे. केवळ चऱ्या असतील, तर उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेतच पृष्ठभाग खरादावर समतल करावा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग एकाच वेळी बदलावे; कारण गिअर बॉक्स पुन्हा उतरविण्याची मजुरी त्यामुळे वाचते.