जुन्या स्मार्टफोनचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे काय?

पूर्वी शेतकऱ्याची रोकड व महत्त्वाचे कागद घरच्या पेटीत असत. आता बँकेचा व्यवहार, सातबाऱ्याचा उतारा आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीसुद्धा मोबाइलवर होऊ लागली आहे. अशा स्थितीत जुन्या फोनवर सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याची सूचना आली म्हणजे ‘चालते आहे ते कशास बिघडवा?’ असे म्हणून पुष्कळ जण ती बाजूस सारतात. ही शंका अगदीच निराधार नाही; परंतु निर्णय करण्यापूर्वी अपडेटचे दोन प्रकार ध्यानात घेतले पाहिजेत.

पहिला प्रकार सुरक्षा-दुरुस्तीचा. कुंपणास पडलेले भगदाड बुजवावे, तसे सॉफ्टवेअरमधील उघडकीस आलेले दोष यात दूर केले जातात. फोनच्या गतीवर याचा सहसा परिणाम होत नाही. दुसरा प्रकार म्हणजे संपूर्ण नवी आवृत्ती. हिला जागा व शक्ती अधिक लागते, आणि जुना फोन हिच्यामुळे मंदावण्याचा संभव असतो. मात्र मंदपणाचे कारण कधी कधी झिजलेली बॅटरी हेही असते. आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून जुन्या बॅटरीच्या फोनांचा वेग अपडेटद्वारे कमी केल्याचे ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले होते. नवी बॅटरी घातल्यावर तो वेग पूर्ववत होत असे.

सुरक्षा-दुरुस्ती टाळण्यात धोका काय? दुरुस्ती प्रसिद्ध झाली की दोष कोठे होता, हे चोरासही कळते. म्हणजे ज्याने ती घेतली नाही, त्याचा धोका पूर्वीपेक्षा वाढतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोजमधील एका दोषावर मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती दिली. तरीही त्याच वाटेने मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नामक उपद्रव जगभर पसरला. दुरुस्ती न केलेले संगणक त्यास बळी पडले, व ब्रिटनमधील इस्पितळांचे कामही खोळंबले. फोन यातून सुटलेले नाहीत. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये असा दोष आढळला, की केवळ फोन क्रमांक ठाऊक असल्यास चित्रफितीचा एक संदेश धाडून फोनात शिरकाव करता यावा. त्याच वर्षी ऑगस्टपासून गूगलने दरमहा सुरक्षा-दुरुस्ती देण्यास आरंभ केला.

तेव्हा वाचकांनी पुढील क्रमाने वागावे.

१. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीखाली सुरक्षा-अपडेटची तारीख पाहावी. ती वर्षाहून जुनी असून ‘फोन अद्ययावत आहे’ असाच मजकूर येत असेल, तर फोन सुरक्षित आहे असे समजू नये. कंपनीने पुरवठा थांबविला, असाच त्याचा अर्थ बहुधा असतो.

२. सुरक्षा-दुरुस्ती मिळत असेल तर ती अवश्य घ्यावी. तत्पूर्वी छायाचित्रे व क्रमांक अन्यत्र उतरवून घ्यावेत, जागा मोकळी करावी आणि बॅटरी पुरेशी भरावी. पीक पाहणीची मुदत संपत आली असता हे काम काढू नये.

३. नवी आवृत्ती आल्यास त्याच नमुन्याचा फोन असणाऱ्या दुसऱ्या कोणाचा अनुभव विचारावा. मात्र पुढील सुरक्षा-दुरुस्त्या तिच्यावरच अवलंबून असतील, तर थोडा मंदपणा पत्करावा.

४. पुरवठा थांबला असल्यास बँकेची ॲपे व बँकेस जोडलेले सिमकार्ड दुसऱ्या फोनात हलवावे. जुना फोन हवामान व बाजारभाव पाहण्यापुरता ठेवावा.

५. नवा फोन घेताना दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हे आधी विचारावे. ॲपलने २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही दुरुस्ती दिली होती. काही कंपन्या आता निवडक नमुन्यांना सात वर्षांची हमी देतात.

एक गोष्ट विसरू नये. कुंपण कितीही पक्के असले, तरी मालकानेच फाटक उघडल्यास त्याचा उपयोग नाही. सरकारी योजनेच्या नावाने संदेशातून आलेले ॲप बसविणाऱ्यास कोणतीही दुरुस्ती वाचवीत नाही. अपडेटसुद्धा संदेशातील दुव्यावरून न घेता सेटिंग्जमधूनच घ्यावे. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. वर्षभराच्या कष्टाचा पैसा ज्या वस्तूत ठेवावयाचा, तिची पाहणी महिन्यातून एकदा करणे मुळीच जड नाही.